पाळण्याला हात लावला नाही

मी मासे खात नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. मत्स्य खात्यात नोकरी म्हटली की लोकांना वाटते, या माणसाच्या घरी रोज ताज्या मासळीचा वाटा येत असणार. आमच्या आळीतले एक गृहस्थ मला कोपऱ्यावर गाठून, आवाज उतरवून विचारतात, "काय, आज पापलेट?" पापलेट समुद्रात असते आणि मी पुणे जिल्ह्यातल्या नद्यांवर काम करतो, हे मी त्यांना अनेकदा समजावले आहे. ते मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात तेच विचारतात.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'नदीकाठचे गमतीदार अनुभव' मागवले. मी आठवू लागलो. पण जो प्रसंग गमतीचा म्हणून आठवावा, त्याच्या शेवटी चूक माझीच निघू लागली. तेव्हा दहा किस्से सांगण्यापेक्षा एकच हकिकत सांगतो. ती ऐकून माणसे हसतात. मला मात्र सांगताना खाली बघावे लागते.

आमचा धंदा काय, ते आधी थोडक्यात सांगायला हवे. माशाची अगदी लहान पिल्ले, जिऱ्याएवढी, त्यांना आम्ही बीज म्हणतो. हे बीज बंगालकडून आगगाडीने पत्र्याच्या डब्यांत येते. प्रवासात पाणी हलते ठेवावे लागते, नाहीतर पिल्ले गुदमरतात. म्हणून डब्याशेजारी एक सरकारी नोकर बसतो आणि हाताने पाणी ढवळत राहतो. मी कल्याणपासून पुण्यापर्यंत असा ढवळत आलो आहे. शेजारच्या एका बाईंनी खंडाळ्यापर्यंत दम धरला आणि मग विचारले, "अहो, साखर विरघळत नाही का?"

ते बीज तळ्यात सोडायचे, वाढवायचे, मग नदीत सोडायचे. यात वाईट काही नाही. पण ते मासे बंगालचे. आमच्या इंद्रायणी-भामेचे मासे वेगळे. त्यातला राजा म्हणजे खडस, ज्याला इंग्रजी पुस्तके महसीर म्हणतात. जाड ओठांचा, अंगावर रुपयाएवढे खवले, आणि ताकद अशी की धारेला तोंड देऊन उभा राहिला तर खडकच वाटावा. मी नोकरीला लागलो तेव्हा तो डोहाडोहांत दिसे. मग कमी होऊ लागला. पुण्या-नाशकाच्या सडकेची कामे निघाली, पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहू लागला, खाणींवर सुरुंगाची दारू आली, आणि त्यातली थोडी नदीत पडू लागली. दारू उडवली की मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात. जाळे लागत नाही, अक्कल तर नाहीच. एकदा मी एका मुकादमाला ओल्या पोत्यासकट पकडले. तो म्हणाला, "मासं मेलेलंच व्हतं साहेब. आमी मयताला आलो."

असे सगळे चालले असताना वरून हुकूम आला की, नद्यांतील देशी माशांची वाढ व्हावी म्हणून पात्र सुधारावे. हुकूम उत्तम होता. आजही मी त्यातल्या एका अक्षराला नावे ठेवणार नाही. त्यात दोन कामे मुख्य होती. माशांच्या वाटेतले अडथळे दूर करणे, हे एक. आणि नदीकाठी तळे बांधून देशी माशांची पिल्ले त्यात वाढवणे, हे दुसरे. जागा निवडून काम करून घेण्याचे माझ्याकडे आले. मी चाकणपासून दीड कोस आत असलेली करंजवाडी निवडली.

करंजवाडीला इंद्रायणीत एक डोह आहे. त्याला आसरांचा डोह म्हणतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत आणि त्यांच्यावर एक जुने करंजाचे झाड वाकलेले आहे. मूल व्हावे म्हणून बायका नवस बोलतात आणि फेडायला त्या झाडाला लाकडी पाळणे बांधतात. वीतभर लांबीचे, रंगीत, चाकणच्या बाजारात मिळतात तसले. वाऱ्याने ते सगळे एकदम हलतात तेव्हा पाहणाऱ्याला जरा कसेसेच होते. डोहात कोणी जाळे टाकत नाही. देवीचा मासा म्हणून सोडून देतात. आम्ही 'राखीव' अशी पाटी लावण्याच्या कितीतरी आधीपासून तो डोह राखीव होता.

डोहाच्या खालच्या अंगाला सखाराम भोई मासे धरायचा. वय साठीच्या आसपास, अंगाने काटक, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघायची सवय. खात्याचा परवाना त्याच्या नावावर होता. त्याची बायको चंद्रभागाबाई मासे टोपलीत घालून चाकणला नेई. कांद्याच्या बाजारादिवशी कांदेवाल्यांच्या रांगेच्या टोकाला बसे. तिच्या जिभेला चाकणचे आडतेसुद्धा वचकून असत.

वैशाखात मी पाहणीला गेलो. एसटीच्या टपावर सायकल, पुढे सायकलीवर मी. नदी आटली होती. डोह तेवढा भरलेला, आणि त्याच्या तोंडाशी गोट्यांचा एक लांबरुंद पट्टा आडवा पसरलेला. पाणी त्या गोट्यांतून झिरपत खाली जात होते. वरचे मासे वर, खालचे खाली. मी मनाशी म्हटले, सापडला अडथळा. आणि खाली तळे बांधायला दगड हवेच होते. एका दगडात दोन कामे होणार म्हणून मला जो आनंद झाला तो मी लपवीत नाही.

सखाराम माझ्याबरोबर काठाने चालत होता. मी त्याला तळ्याची जागा दाखवली. खडसाची पिल्ले दर भाद्रपदात काठाच्या उथळ पाण्यात दिसतात, ती धरून तळ्यात वाढवायची आणि मोठी करून पुन्हा नदीत सोडायची, हे समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "सरकारनं मनावर घेतलं, लई चांगलं. पर एक सांगतो साहेब. बाकी काय बी करा, पाळण्याला हात लावू नका."

मी वर झाडाकडे पाहिले. पाळणे हलत होते.

"सखारामबाबा," मी म्हणालो, "लोकांच्या श्रद्धेला मी धक्का लावणार नाही. शब्द देतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाळणा ऱ्हायला तर सगळं ऱ्हाईल."

"राहील," मी म्हणालो.

असे आमचे दोघांचे पक्के ठरले.

दुसऱ्याच आठवड्यात सखाराम आणि चंद्रभागाबाई नेहमीप्रमाणे लेकीकडे भीमेवर गेले. उन्हाळ्यात ते तिकडेच मासे धरतात. इकडे मी वडार लावले. त्यांच्या म्होरक्याचे नाव यल्लाप्पा. रेड्यांच्या गाड्या पात्रात उतरवून त्यांनी गोटे भरायला सुरुवात केली. त्याआधी मी एक काम जातीने करून घेतले. करंजाच्या झाडाभोवती खांब रोवून काटेरी तार बांधली, गाड्यांचा धक्का पाळण्यांना लागू नये म्हणून. अहवालात मी लिहिले, 'स्थानिकांच्या धार्मिक भावनांची योग्य ती दखल घेण्यात आली आहे.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले होते. मला ते फार आवडले होते.

पंधरा दिवसांत पट्टा साफ. डोहाच्या तोंडाशी काळा कातळ उघडा पडला आणि पाणी सरळ घसरत खाली जाऊ लागले. गोट्यांचे तळे झाले. असे देखणे तळे आमच्या खात्याने दुसरे बांधले नसेल.

आषाढात सखाराम परत आला. मी तळ्यावरच होतो. तो काठाने येताना दिसला तसा मीच पुढे झालो आणि म्हणालो, "बघा, पाळण्याला हात लावला नाही." आणि तार दाखवली.

त्याने झाडाकडे पाहिले. मग पाण्याकडे पाहिले. मग खाली बसला आणि हसू लागला. मी त्याला हसताना कधी पाहिले नव्हते. डोळ्यांना पाणी येईपर्यंत तो हसला. मीही थोडा हसलो.

"लई झ्याक तार बांधलीत," तो म्हणाला, आणि धोतर झटकून निघून गेला.

मी अहवालाला पुरवणी जोडली, 'स्थानिक भोई समाजाने कामाबद्दल समाधान व्यक्त केले.'

त्या भाद्रपदात काठाच्या उथळ पाण्यात खडसाची पिल्ले दिसली नाहीत. मी म्हटले, यंदा पूर मोठा होता. दुसऱ्या भाद्रपदातही दिसली नाहीत. तळे भरलेले, स्वच्छ, आणि रिकामे. त्यात बेडूक मात्र उत्तम वाढले. वरचे साहेब तपासणीला आले, बांधावरून एक फेरी मारली आणि म्हणाले, "दगड छान आहेत. एकसारखे. कुठले?"

"नदीतलेच, साहेब."

"वा. स्थानिक साहित्य," ते म्हणाले, आणि पुढच्या तपासणीला गेले.

पण कागद गप्प बसत नाहीत. थोड्याच दिवसांत विचारणा आली, देशी माशांची घट होण्याचे कारण कळवावे. छापील नमुना होता आणि 'कारण' या शब्दापुढे दीड ओळ जागा होती. दीड ओळीत जे बसते ते मी लिहिले, 'स्थानिक भोयांकडून होणारी बेसुमार मासेमारी.' टेबलावरचा चहा निवायच्या आत लिहून झाले. मी ते खोटे म्हणून लिहिले नाही. खरे म्हणूनही लिहिले नाही. जागा होती म्हणून लिहिले.

दोन महिन्यांनी सखारामचा परवाना रद्द झाल्याची नोटीस निघाली आणि ती बजावायचे काम माझ्याकडेच आले. त्याच्या ओट्यावर बसून मी ती वाचून दाखवली. 'अहवालावरून असे दिसते की' एवढा भाग मी आवंढा गिळावा तसा गिळला. त्याने अंगठा दिला. चंद्रभागाबाई आतून म्हणाल्या, "त्यांना च्या पायजे का इचारा." मी नको म्हणालो. नोटीस बजावून वर चहा घेणे माझ्याच्याने झाले नसते. एवढी लाज शिल्लक होती.

त्यानंतर वर्षभर मी करंजवाडीला गेलो नाही. कामे पुष्कळ होती, असे मी स्वतःला सांगत असे.

पिंपरीच्या निर्वासितांच्या वसाहतीत मंघाराम नावाचे एक सिंधी गृहस्थ कापडाचे दुकान चालवत. त्यांना कुठूनसे कळले होते की मी माशांचा सरकारी माणूस आहे. पवनेच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो की ते मला दुकानात बसवून घेत आणि दर वेळी एकच अर्ज पुढे ठेवत. त्यांच्या सिंधू नदीत पल्ला नावाचा मासा असतो. तो पवनेत सोडता येईल का?

"पल्ला समुद्रातून नदीत चढतो," मी दर वेळी सांगे. "पवनेतून समुद्र फार लांब आहे."

"सरकार चाहे तो सब होता है," ते म्हणत.

खात्यात आम्ही या अर्जाची फार थट्टा करीत असू. एके दिवशी त्यांनी पल्ला कसा चढतो, कुठल्या महिन्यात, कुठल्या रंगाच्या पाण्यात, कुठल्या घाटाशी अंडी टाकतो, हे सगळे मला सांगितले. वीस मिनिटे सांगत होते. मग सहज म्हणाले, "और आपकी वो मछली, जो गुम हो गयी? वो अंडा कहाँ देती है?"

मी म्हणालो, "पाण्यात."

ते हसले नाहीत. सभ्य माणूस. "हाँ, पानी में तो देती होगी," ते म्हणाले आणि कापड घडी करू लागले.

मी दुकानातून उठलो तो कानशिले तापलेलीच. ज्या माशासाठी मी तळे बांधले, अहवाल लिहिले, एका माणसाचा धंदा बुडवला, तो अंडी कुठे घालतो हे मला माहीत नव्हते. पुस्तकात 'प्रवाही पाण्यात' असे होते. नदीत दुसरे कसले पाणी असते? आणि ज्याला माहीत असेल त्याला मी कधी विचारलेच नव्हते. त्याने आपणहून सांगितले तेव्हा मी काही न विचारता नुसता शब्द दिला होता.

सखाराम पिंपरीलाच कारखान्याच्या बांधकामावर लागल्याचे मी ऐकले होते. मी तसाच तिकडे गेलो. तो परांचीवर नळी धरून नव्या भिंतीवर पाणी मारत उभा होता.

"काय सखारामबाबा, कसं चाललंय?"

"चाललंय. पान्यातलाच धंदा हाय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मासं तेवढं न्हाईत."

मी विचारले. खडस अंडी कुठे घालतो?

त्याने नळी खाली सोडली. पाणी त्याच्या पायांवरून वाहत राहिले. "रविवारी सुट्टी असती," तो म्हणाला. "घरी या. म्हातारी सांगंल. मी सांगितलं तवा तुमाला कळलं न्हाई."

रविवारी गेलो. चंद्रभागाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी सूप खाली ठेवले.

"आता इचारताय व्हय मासळीसाहेब? पाळणा मोडून घातलात आन आता बाळ कुठं हाय म्हनताय."

"पाळणे तर तसेच आहेत," मी म्हणालो. "मी तार..."

"ते झाडाचं," त्या म्हणाल्या. "ते बायांचं. मासळीचा पाळणा कुठं असतो? झाडावर?"

त्या उठल्या, लुगडे खोचले आणि मला डोहाच्या तोंडाशी नेऊन गुडघाभर पाण्यात उभे केले. पायाखाली कातळ होता, शेवाळाने गुळगुळीत. मी घसरता घसरता वाचलो. त्यांनी सांगितले ते असे. मोठा पूर ओसरला, पाणी निवळू लागले की खडस डोहातून या तोंडाशी येतो. इथे गोटे असत, सुटे, एकमेकांत न रुतलेले. मादी त्यांच्यावर अंडी टाकते. ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळी. ती गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. वरून पाणी खळखळत जाते, अंड्यांना वारा घालते, पण वाहून नेत नाही. पिल्ले फटींतच राहतात आणि अंगात बळ आले की काठाच्या उथळात येतात. म्हणून भोई त्या जागेला पाळणा म्हणतात. श्रावण-भाद्रपदात तिथे कोणी पायसुद्धा ठेवत नाही, जाळ्याची तर गोष्टच नको. मासा बाळंत असतो.

"ह्या कातळावर अंडी टाकली तर?" मी विचारले.

"तर खालच्या गावाला पोचत्यात," त्या म्हणाल्या. "चाकणच्या मोटारीनं."

मी सखारामकडे पाहिले. "तुम्ही त्या दिवशी हसलात. सांगितले का नाही?"

"पाळणा गेल्यावर सांगून काय उपेग व्हता? आन तुमी इतकं खूश व्हता," तो म्हणाला. "तार दावत व्हता. मला वाटलं, ह्यो मानूस एकतर लई हुशार हाय, न्हाईतर देवभोळा."

पुराने गोटे परत का आणले नाहीत, हेही तेव्हाच कळले. वरच्या अंगाचे गोटे सडकेच्या कामाला गेले होते. पूर आणणार कुठून?

मग मी तो गोट्यांचा पट्टा परत भरायला निघालो. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. दप्तरात मी 'अडथळा' काढल्याची नोंद होती. आता तोच अडथळा पुन्हा घालायला परवानगी मागितली तेव्हा उत्तर आले, 'प्रयोजन समजत नाही.' मी सरळ लिहायला हवे होते की, मी चुकलो. तेवढे धैर्य झाले नाही. त्याऐवजी मी कळवले की, तळे निरुपयोगी ठरले आहे, ते मोडीत काढून मलबा नजीकच्या पात्रात टाकण्याची परवानगी मिळावी. ही लगेच मिळाली. नदी सुधारण्याची परवानगी मिळाली नाही, नदीत मलबा टाकण्याची मिळाली.

वैशाखात यल्लाप्पा वडार पुन्हा आला. रेडे तेच. "काढायचं काम लई केलं साहेब," तो म्हणाला. "परत ठेवायचं पयलंच. कुनी चोरीचा माल आनून दिल्यावानी वाटतंय."

पहिली गाडी पात्रात आली आणि त्याने ती मागे उलटायला घेतली, तसा सखाराम आडवा झाला. तो त्या दिवसांपुरता खाडा करून आला होता.

"वतू नका. मासा काय गाढव हाय?"

मग आठ दिवस आम्ही गोटे हाताने लावले. कातळाला खालच्या बाजूला एक नैसर्गिक उंचवटा आहे, त्याला टेकवून आधी मोठ्या दगडांची ओळ. तिच्यामागे कवठाएवढे. मग लिंबाएवढे. दाबून बसवायचे नाहीत, सैल ठेवायचे, बोट आत गेले पाहिजे. सखाराम प्रत्येक हातभर जागेत बोट घालून बघे. ज्या गोट्यांना तळ्याचा चुना चिकटलेला होता ते चंद्रभागाबाई बाजूला काढत आणि काठावर बसून दगडाने खरवडत. चुना लागला की मासा फिरकत नाही, म्हणाल्या. मीही खरवडायला बसलो. माझ्याच बांधकामाचा चुना. तो फार पक्का बसला होता.

तिसऱ्या दिवशी खरवडता खरवडता मी सखारामला सांगितले की, परवाना रद्द करायला लावणारा तो अहवाल माझा होता.

तो लिंबाएवढे गोटे वेगळे करत होता. थांबला नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "दुसरं कोन लिवनार? हितं येतो कोन तुमच्याबिगार?"

"मग तुम्ही एवढे दिवस..."

"साहेब, ह्यो जरा मोठा हाय. तिकडं टाका."

मी गोटा तिकडे टाकला. चंद्रभागाबाईंनी मात्र मान वर केली. "यांचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ते भिंतीला पानी मारून बी समाधानी ऱ्हातील. मला चाकणच्या बाजारात माजी जागा पायजे. तिथं आता एक भजीवाली बसती. मिरचीत बेसन कमी घालती."

पहिल्या भाद्रपदात काही दिसले नाही. मी ते दिवस कसे काढले ते लिहीत नाही. पुढच्या वर्षी श्रावणात पाणी निवळल्यावर चंद्रभागाबाईंचा निरोप आला, 'मासळीसाहेबाला म्हनावं, मुकाट्यानं या.' मी सकाळीच पोचलो. आम्ही तिघे काठावर पालथे पडून पाहत होतो. गोट्यांवर पाणी वीतभर, उन्हात खळाळणारे, आणि त्यात धारेला तोंड देऊन चार काळसर पाठी. एक मादी कुशीवर कलली तेव्हा खवल्यांवर ऊन चमकले. सखारामने माझे मनगट धरले होते. का धरले होते ते मला माहीत नाही, पण दुखेपर्यंत धरले होते.

महिन्याने काठाच्या उथळात पिल्ले दिसली. मी मोजली नाहीत.

त्या आनंदात मी अखेर खरे पत्र लिहिले. गोट्यांचा पट्टा म्हणजे खडसाची अंडी घालण्याची जागा होती, ती माझ्या अज्ञानाने काढली गेली, सखाराम भोई यांनी आधीच सावध केले होते, माशांच्या घटीत त्यांचा काहीही दोष नव्हता, तरी त्यांचा परवाना परत द्यावा. चार पाने झाली. स्वतःविरुद्ध एवढे मी कधी लिहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर लिहिताना थोडा अभिमानही वाटला. त्याबद्दलही आता वाईट वाटते.

उत्तर एका परिच्छेदाचे आले. 'भोयांच्या मासेमारीवर घातलेल्या बंदीमुळे देशी माशांची वाढ झाल्याचे आपल्या पत्रावरून दिसून येते. सबब बंदी पुढे चालू ठेवणे इष्ट. आपण दाखविलेल्या दक्षतेची नोंद घेण्यात आली आहे.' सोबत माझ्याच दोन जुन्या अहवालांचे दाखले दिले होते. बेसुमार मासेमारीचा एक, आणि भोई समाजाने समाधान व्यक्त केल्याचा दुसरा.

मी प्रत्यक्ष जाऊन भेटलो. साहेब चांगले माणूस आहेत. म्हणाले, "तुमचे म्हणणे खरे असेलही. पण फायलीत दोन कागद एक सांगतात आणि तुमचा एक कागद दुसरे सांगतो. आणि तिन्हींवर सही तुमचीच. मी कोणत्या तुम्हाला खरे धरू?"

मी नमस्कार करून बाहेर आलो.

आजही परवाना मिळालेला नाही. सखाराम सहा दिवस पिंपरीला भिंतींवर पाणी मारतो. भाद्रपदातल्या रविवारी डोहावर येऊन पालथा पडतो आणि देवीचे मासे बघतो. ते धरायचा हक्क त्याने कधी मागितलाच नव्हता. त्याला खालच्या पाण्यात जाळे टाकायचे आहे, पूर्वी टाकत होता तसे, पाळणा ओलांडून जे खाली येतील तेवढ्यांसाठी. चंद्रभागाबाईंनी मध्यंतरी करंजाच्या झाडाला, माझ्या तारेच्या आत, एक नवा पाळणा बांधला. त्यात बाहुलीच्या जागी एक लिंबाएवढा गोटा आहे. मी कारण विचारले तर म्हणाल्या, "तुमच्या पुढं जो साहेब येईल त्याला एका जागी दोनी दिसावं म्हनून."

मंघारामजींना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि पल्ल्याचा अर्ज पुन्हा पुढे ठेवला. या वेळी मी थट्टा केली नाही. अर्ज वर पाठवला. तो नामंजूर होईल हे दोघांनाही माहीत आहे.

संपादकांचे पत्र आले तेव्हा मला सुचले ते एवढेच की, खाते हाताने लिहिलेल्या पत्रापेक्षा छापलेला कागद जास्त मानते. हा अंक प्रसिद्ध झाला की हा लेख कापून त्या फायलीला जोडायचा आणि परवान्याची मागणी पुन्हा करायची, असे मी ठरवले आहे. म्हणजे चौथा कागद. गेल्या रविवारी डोहावर बसून मी हे सखारामला सांगितले. त्याने पाण्याकडे बघत विचार केला.

"लिवा," तो म्हणाला. "पर पाळणा म्हंजी काय ते नीट लिवा साहेब. न्हाईतर परत कुनीतरी तार घिऊन येतील."

म्हणून नीट लिहितो. करंजवाडीच्या हद्दीत, आसरांच्या डोहाच्या तोंडाशी, पुराने बुडणाऱ्या जागेत, लिंबाएवढ्या आणि कवठाएवढ्या सुट्या गोट्यांचा. पाण्याखाली. झाडावर नव्हे.